कागद वाचणाऱ्यासाठी लिहावा

बुऱ्हाणपुरातल्या जुन्या मराठी घरांत संदूक उघडली की अनेक काळांचे कागद निघतात. तळाशी मोडीतले, त्यांवर उर्दू वळणाचे बैनामे नि रहननामे, मग मध्यप्रांताच्या काळातले इंग्रजी आणि सर्वांत वर आपल्या हयातीतल्या हिंदी रजिस्ट्र्या. लिपी बदलली, भाषा बदलली. पण घरच्या माणसाला कागद वाचून उलगडा होत नाही, हे तसेच राहिले. दोष आपण अवघड शब्दांना देतो. माझ्या मते त्याहून मोठा दोष मांडणीचा आहे.

मी वकील नाही, होमिओपॅथ आहे. पण मृत्युपत्र करताना माणसे घरच्या डॉक्टरला बोलावतात. करणारा शुद्धीवर आहे, असा दाखला हवा असतो, किंवा साक्षीदाराची सही हवी असते. त्या निमित्ताने असे बरेच कागद मी वाचले. म्हणून येथे मृत्युपत्राविषयीच सांगतो. हा एकच कागद असा, की तो उघडला जातो तेव्हा त्याचा अर्थ सांगायला लिहिणारा उरलेला नसतो.

शब्द बदलल्याने सगळे सोपे होत नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला. त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण तो कोश विषयवार दहा वर्गांत लावला आहे, हेही ध्यानात घ्यावे. दुर्गाचे शब्द एकीकडे, लेखनाचे दुसरीकडे. हवा तो शब्द कोठे शोधावा हे कळते. मोडीत शब्द तोडून लिहीत नसत, आधी रेघ आखून तिला लागून सलग मजकूर जाई. तरी कारकुनाचे अडत नसे, कारण कागदाचा क्रम ठरलेला होता. माथ्यावर श्री, मग मायना, मग मजकूर. शेवटी ‘लेखनसीमा’ किंवा ‘मोर्तब सुद’, म्हणजे पुढे कोणी ओळ घुसवू नये. आपल्या गावच्या जामा मशिदीत १५९० सालचा लेख अरबीबरोबर संस्कृतातही कोरलेला आहे. वाचणारे दोन प्रकारचे आहेत, हे कोरविणाऱ्याने ओळखले होते.

माझ्या विद्येतही मांडणीवर सारे चालते. हानेमानच्या ‘ऑर्गेनॉन’ला सूत्रांचे क्रमांक आहेत, सहाव्या आवृत्तीत २९१. ‘सूत्र १५३’ म्हटले की कोणत्याही गावचा होमिओपॅथ नेमक्या जागी पोहोचतो. केंटच्या रेपर्टरीत एका लक्षणाखाली अनेक औषधे असतात; पण ठळक, तिरपी व साधी अशी तीन तऱ्हेची अक्षरे वापरून कोणत्या औषधाला किती वजन द्यायचे ते दाखविले आहे. आता आपल्याकडचे मृत्युपत्र पाहा. क्रमांक नाहीत, परिच्छेद नाहीत, आणि ‘व’ ला ‘व’ जोडून दीड पानाचे एकच वाक्य. नमुना म्हणून हा मजकूर घ्या:

‘माझे घर थोरल्याने घ्यावे व लगतची खोली धाकट्याने व त्यांच्या आईने हयातीपर्यंत वापरावी.’

खोली धाकट्याच्या मालकीची, की नुसती वापरायला? ‘हयातीपर्यंत’ ते कोणाच्या? आणि आईला राहण्याचा हक्क खोलीपुरता, की घरातही? ऐंशीच्या घरातल्या बाईला कोठे राहायचे, हे एका ‘व’ वर लोंबकळत राहिले. येथे अवघड शब्द एकही नाही. हेच असे लिहिता येते:

१. घर: मालकी थोरल्या मुलाची.
२. लगतची खोली: मालकी धाकट्या मुलाची.
३. माझ्या पत्नीला ती हयात असेपर्यंत घर व खोली या दोन्हींत राहण्याचा हक्क राहील, मालकी कोणाचीही असो.

कायदा आडवा येईल, अशी भीती पुष्कळांना वाटते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे कलम ७४ म्हणते की, मृत्युपत्रात पारिभाषिक शब्द असण्याची गरज नाही. करणाऱ्याची इच्छा कळली म्हणजे झाले. मात्र कलम ८९ प्रमाणे अर्थ निश्चित होत नसेल तर ती तरतूद रद्द ठरते. कलम ८८ प्रमाणे दोन तरतुदींचा मेळ बसत नसेल तर शेवटची धरली जाते. म्हणजे आठवेल तसे लिहीत गेलेल्या कागदात, शेवटी सहज आलेली ओळ आधीच्या मुख्य इच्छेवर मात करू शकते.

मिळकतीचे वर्णन हे दुसरे अडचणीचे ठिकाण. ‘शनवाऱ्याजवळचे घर’ आपल्याला पुरते, नातवाला पुरणार नाही. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाचे कलम २१ मृत्युपत्राखेरीजच्या दस्तांत मिळकत ओळखता येईल असे वर्णन मागते; मृत्युपत्रातही तसेच लिहावे. शहरातले घर असेल तर रस्त्याची कोणती बाजू, आज कोणाच्या ताब्यात, पूर्वी कोणाच्या, आणि क्रमांक असल्यास तोही. चतुःसीमा चार वेगळ्या ओळींत लिहा. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, पण केलेली बरी. मराठीत लिहिलेले चालेल का, असे येथे नेहमी विचारतात. नोंदणी अधिकाऱ्याला ती भाषा येत नसेल आणि ती जिल्ह्यात सर्रास वापरात नसेल, तर सोबत खरे भाषांतर जोडावे लागते. तेव्हा मनातले मराठीत लिहा आणि हिंदी भाषांतर शेजारी ठेवा.

न्यायालयालाही हे पटलेले आहे. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचे एक निकालपत्र उलगडत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ते प्रकरण परत पाठविले. निकालपत्रात परिच्छेदांना क्रमांक असावेत, मोठे असेल तर अनुक्रमणिका असावी, असेही सांगितले. न्यायमूर्तींना क्रमांक लागतात, तर आपल्या मुलांना का लागू नयेत?

तेव्हा वाचकहो, वकिलांकडे जाण्यापूर्वी एक कच्चा कागद स्वतः करा. पहिल्या पानावर मिळकतींची यादी, प्रत्येकीला क्रमांक. पुढे त्याच क्रमाने एका कलमात एकच गोष्ट. माणसाचे नाव प्रत्येक ठिकाणी पूर्ण लिहा. ‘तो’, ‘वरील’, ‘सदरहू’ यांवर विसंबू नका. अक्षर मोठे, समास रुंद. रिकामी जागा सोडू नका, आणि खाडाखोड झाली तर तेथे सही करा. शेवटी आपली सही. आणि आपल्याला सही करताना पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या आपल्यादेखत.

मग तो कच्चा कागद, आपले बेत ठाऊक नसलेल्या एखाद्या विश्वासू माणसाला द्या आणि गप्प बसा. कोणाला काय मिळते, केव्हापासून, आणि कोणाचा कोणता हक्क राखला आहे, एवढे तीन प्रश्न त्याला विचारा. ज्या ठिकाणी तो तुमच्या तोंडाकडे पाहील, ती ओळ पुन्हा लिहा.