पुलाचं चित्र : रंगवणारा बसला कुठे?

प्रतिबिंबांचे रंग या आठवड्यात घ्यायचे होते, पण डोंबिवलीच्या एका वाचकाच्या पत्राने त्यांना पुढे ढकललं आहे. ‘कळव्याचा जुना पूल हौसेने रंगवला. पिवळा भरपूर वापरला, तरी घरचे म्हणतात उदास वाटतो. असं का?’ सोबत चित्राचा फोटोही आहे.

उदासी रंगातून आलेली नाही, बैठकीतून आली आहे. तुम्ही बसलात खाली, खारफुटीच्या कडेला, आणि वेळ निवडलीत ओहोटीची. पाणी उतरलं की खांब पायापर्यंत उघडे पडतात, अंगावर भरतीची काळपट ओल राहते आणि पूल आहे त्याहून उंच भासतो. वरची माणसं होतात ठिपक्याएवढी. खालच्याला तो पूल आपला वाटतच नाही, दुसऱ्यांच्या जाण्यायेण्याचा वाटतो. भरतीला या, खांब निम्मे बुडालेले असतील आणि तोच पूल बसका, ओळखीचा दिसेल.

चित्रकार व्हिसलरने हे मुद्दाम केलं. 1870च्या दशकात त्याने लंडनचा जुना बॅटरसी पूल होता त्यापेक्षा उंच काढला. एक खांब, वरचा थोडा भाग, बाकी सगळी निळी रात्र. त्याने समीक्षक रस्किनवर लावलेला अब्रुनुकसानीचा दावा 1878 साली चालला, तेव्हा हे चित्र कोर्टात आलं. पुलावर दिसतात ती माणसं आहेत का, असं न्यायाधीशांनी विचारलं. तुम्हाला वाटेल ते समजा, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. दावा त्याने जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! उत्तर उद्धट म्हणून गाजलं, मला ते चोख वाटतं. चेहरे ओळखू आले असते तर चित्र त्या माणसांचं झालं असतं, रात्रीचं उरलं नसतं.

टर्नरचं 1844चं चित्र याच्या अगदी उलट. पाऊस, वाफ, आणि मेडनहेडच्या पुलावरून तिरकं आपल्याच अंगावर येणारं इंजिन. डावीकडे लांब जुना रस्त्याचा पूल, नदीत एक होडी, रुळांवर जीव घेऊन पळणारा ससा. आनंद म्हणावा की धास्ती? ससा सापडेपर्यंत आनंद, सापडल्यावर दोन्ही. पुढे दहा वर्षांनी, 1854 साली, आपली गाडीही ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. आज त्या मार्गाने रोज जाणारे आपण टर्नरच्या डब्यातले प्रवासी. पुलावर असतो, म्हणून पूल दिसत नाही.

तेव्हा पिवळ्याला हात लावू नका. उदास दिसणं हा दोष नाही, चित्राने तुमची जागा प्रामाणिकपणे सांगितली आहे. उत्साह हवाच असेल तर भरतीचं वेळापत्रक पाहून पुन्हा जा, आणि बैठक पुलाच्या उंचीवर घ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवून घरच्यांनाच निवडू द्या.

प्रतिबिंबं पुढच्या आठवड्यात, आणखी असं पत्र आलं नाही तर.