कठीण इंग्रजी शब्द : घोकंपट्टी नको, ओळख हवी

वरच्या इयत्तांतील मुले इंग्रजी शब्दांचे अर्थ घोकतात व परीक्षेनंतर विसरतात. शब्द एकेकटा शिकविल्याचा हा परिणाम होय. यास्तव परिचित शब्दापासून आरंभ करून त्याचे कूळ दाखवावे.

'जंक्शन' हा शब्द घ्या. लोहमार्ग १८५४ साली कल्याणास पोहोचला. तेथून आज एक मार्ग कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे जातो. ही आकृती फळ्यावर काढावी आणि मार्ग जुळतात ते जंक्शन, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. मग वाक्ये जोडणारे उभयान्वयी अव्यय म्हणजे 'कंजंक्शन', हे त्यांना सहज उमगेल. या शब्दांचा मूळ लॅटिन धातू संस्कृत 'युज्' धातूचा सगोत्र आहे. आपला 'संयोग' शब्द 'युज्'पासूनच झाला.

तथापि केवळ मुळावर विसंबू नये. 'इंजंक्शन' त्याच कुळातला. पण न्यायालयीन भाषेत त्याचा अर्थ बहुधा मनाई हुकूम असा होतो. म्हणून प्रत्येक नवा शब्द वाक्यात योजून घ्यावा.

खेड्यातील पुष्कळ मुलांस शिकवणी नसते, घरी शब्दकोशही नसतो. अनोळखी शब्दापुढे न थबकता त्याचा माग काढण्याची सवय त्यांना शाळेनेच लावली पाहिजे.