दात बसवायचाय? इम्प्लांटआधी हे समजून घ्या

दात पडला की आपल्या घरात दोनच गोष्टी ऐकू येतात. 'एका दातावाचून काय अडतंय?' नाहीतर 'कवळी बसवून घे.' आता दवाखान्यांच्या पाट्यांवर 'इम्प्लांट' हा शब्दही दिसतो. खर्च मोठा आहे, म्हणून पैसे भरण्याआधी आपण नीट माहिती घेऊ.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियम धातूचा छोटा स्क्रू. तो जबड्याच्या हाडात बसवतात आणि वर दाताची कॅप लावतात. हाड टायटॅनियमला घट्ट धरून ठेवते, हे स्वीडनच्या ब्रानेमार्क यांच्या लक्षात आले. त्यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे दात बसवले.

आधी तपासणी होते. एक्स-रे किंवा स्कॅन काढून हाड पुरेसे आहे का ते बघतात. दात काढून बरीच वर्षे झाली असतील, तर तिथले हाड झिजलेले असते. मग आधी हाड भरावे लागते, आणि वेळ व खर्च दोन्ही वाढतात.

स्क्रू बसवताना जागेवरच भूल देतात. त्या वेळी दुखत नाही, फक्त दाब जाणवतो. नंतर दोन-तीन दिवस सूज आणि ठणका राहतो. बाहेरून बर्फाने शेकावे, भात-वरण, खिमट असे मऊ आणि कोमट खावे. पहिल्या दिवशी जोरात चूळ भरू नये. हाडाने स्क्रू धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, त्यानंतरच पक्का दात बसतो. म्हणून 'दोन दिवसांत दात' अशी जाहिरात दिसली, तर तो दात तात्पुरता की पक्का, हे आधी विचारा.

मिश्री, तंबाखू, गुटखा, बिडी यांमुळे जखम नीट भरत नाही आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. साखर असेल तर ती आधी आटोक्यात आणा. रक्त पातळ होण्याची किंवा हाडे ठिसूळ होतात त्यावरची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका.

स्क्रू, जोडणी आणि कॅप मिळून एकूण किती, हे लिहून घ्या. इम्प्लांटच्या कंपनीचे नाव आणि क्रमांक असलेले कार्ड मागा. पुढे दुरुस्तीला तेच लागते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत आधी चौकशी करा. खर्च झेपत नसेल तर ब्रिज किंवा चांगली कवळी लावली तरी जेवण नीट चावता येते. त्यात कमीपणा काही नाही. त्यासाठी कर्ज काढू नका.

ताप, पू, न थांबणारे रक्त, हलणारा स्क्रू किंवा ओठाचा बधिरपणा दिसला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. बसवलेला दात किडत नाही, पण भोवतीची हिरडी बिघडते. म्हणून रोज दोनदा ब्रश हवाच.