पक्ष्माभिका विकार व प्रेरक तंत्रिका रोग
आनुवंशिक दोषामुळे पक्ष्माभिकांची (कोशिकेच्या म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील केसासारख्या सूक्ष्म वाढींची) रचना वा कार्य बिघडून होणारे विकार आणि स्नायूंना चालना देणाऱ्या तंत्रिका कोशिकांचा (मज्जापेशींचा) ऱ्हास घडविणारे रोग यांच्यातील संबंध. हे दोन रोगगट पूर्वी परस्परांशी असंबद्ध मानले जात; परंतु काही जनुके दोहोंशी निगडित असल्याचे २०१६ पासून स्पष्ट झाले आहे.

श्वसनमार्गातील पक्ष्माभिका हलत राहून श्लेष्मा बाहेर लोटतात. याउलट शरीरातील बहुतेक कोशिकांवर एकेक अचल पक्ष्माभिका असते. ती बाहेरील रासायनिक संदेश ग्रहण करते. भ्रूणावस्थेत प्रेरक तंत्रिका कोशिका ज्या संदेशामुळे निर्माण होतात, त्याच्या वहनासही ती आवश्यक असते. तिच्या दोषामुळे वृक्कात (मूत्रपिंडात) द्रवार्बुदे होणे, जालपटलाचा (डोळ्यातील प्रकाशसंवेदी पटलाचा) ऱ्हास, जादा बोटे, आखूड फासळ्या इ. विकृती उद्‌भवतात.

प्रेरक तंत्रिका रोगांपैकी प्रमुख म्हणजे अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस (ए.एल.एस.) हा होय. त्याचे वर्णन ज्यां मार्तँ शार्को यांनी १८६९ मध्ये केले. हा रोग बहुधा उतारवयाकडे झुकताना सुरू होतो. हातापायांची शक्ती कमी होते, स्नायू रोडावतात, बोलणे व गिळणे कठीण होते आणि अखेरीस श्वसन दुर्बल होते. बहुतेक रुग्ण ३ ते ५ वर्षे जगतात. सु. १०% रुग्णांच्या कुटुंबात हा रोग आधी आढळलेला असतो.

नेक-१ या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्यास आखूड फासळ्या व जादा बोटे असलेले, बहुधा न जगणारे अर्भक जन्मते, असे २०११ मध्ये आढळले. याच जनुकाच्या एका प्रतीतील बदल ए.एल.एस.च्या सु. ३% रुग्णांत असल्याचे २०१६ मध्ये दिसून आले. नेक-१ च्या प्रथिनाशी संलग्न होणारे सी२१ओआरएफ२ हे प्रथिनही असेच आहे. त्याच्या जनुकातील दोष फासळ्या, मणके व जालपटल यांच्या विकृतीस, तर काही भेद ए.एल.एस.च्या वाढत्या जोखमीस कारण होतात.

एक प्रत व दोन प्रती यांतील हा भेद यवतमाळसह विदर्भात आढळणाऱ्या दात्र-कोशिका पांडुरोगाच्या (सिकलसेलच्या) उदाहरणाने समजतो. दोन सदोष प्रती असलेले मूल आजारी पडते, तर एक प्रत असलेला वाहक सामान्यतः निरोगी असतो. नेक-१ च्या बाबतीत मात्र वाहकाला उत्तरायुष्यात थोडी अधिक जोखीम संभवते. तथापि बहुसंख्य वाहकांना ए.एल.एस. कधीच होत नाही. महाराष्ट्रातील अनेक समाजांत रूढ असलेल्या मामेबहिणीशी विवाहासारख्या निकट नात्यातील विवाहांत, दोन्ही पालकांकडून एकच सदोष प्रत मुलाकडे येण्याची शक्यता वाढते.

जनुक समान असले, तरी पक्ष्माभिकेच्या बिघाडामुळेच तंत्रिका कोशिका मरतात, असे त्यावरून सिद्ध होत नाही. ए.एल.एस.सदृश रोग असलेल्या उंदरांच्या मेरुरज्जूत पक्ष्माभिकांची दर्शक खूण कमी झाल्याचे २०११ मध्ये आढळले. परंतु तो रोगाचा परिणामही असू शकेल. शिवाय नेक-१ डीएनएच्या दुरुस्तीतही भाग घेते व ती दुरुस्ती खुंटणे हेही ऱ्हासाचे कारण असू शकते.

विदर्भात निदान करताना कलायखंज हा रोग वेगळा ओळखावा लागतो. लाखोळीची डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्याने पाय ताठरतात. परंतु ती खाणे थांबविल्यावर रोग सहसा वाढत नाही व तो आनुवंशिकही नसतो. ए.एल.एस. मात्र वाढतच जातो. रिल्युझोल या औषधाने (१९९५) आयुर्मर्यादा काही महिन्यांनी वाढते. पक्ष्माभिका विकाराचे मूल जन्मलेल्या कुटुंबास आनुवंशिकीविषयक सल्ला देताना पुढील अपत्याची जोखीम स्पष्ट सांगणे आवश्यक असते. मात्र आईवडिलांना ए.एल.एस. होणारच, असे भाकीत करणे शास्त्राला धरून नाही.