जोखीम जन्माची आणि घराची

बाळ अपुऱ्या दिवसांचे होते का, वजन किती भरले, लगेच रडले का, कावीळ किती चढली, झटके आले का, एवढ्यावरूनच मूल विकासात मागे पडेल की नाही, हे आपण अजूनही ठरवू पाहतो. गेल्या काही दशकांतले दीर्घ अभ्यास पाहिले की ही माहिती अपुरी असल्याचे कळते. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके पाठपुरावा केला. जन्मावेळच्या गुंतागुंतीची झळ, ती फार तीव्र नसेल तर, वयाबरोबर ओसरली. जिथे गरिबी आणि घरातली अस्थिरता तिच्या जोडीला आली, तिथे ती टिकली. पुण्याच्या केईएम रुग्णालयात सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांवर अशीच वर्षानुवर्षे नजर ठेवली. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक सामान्य मर्यादेत होता, पण इतर मुलांपेक्षा कमी. लिहिताना आणि गणितात ती अडखळत होती. मूल चालू-बोलू लागल्यावर तपासणी थांबवली असती, तर हे कुणालाच कळले नसते.

‘जोखमीचे बाळ’ म्हटले की आई धास्तावते, आणि घराकडे बोट दाखवले की सारा दोष तिच्याच माथी येतो, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. पण रक्तक्षय, कोवळ्या वयातले बाळंतपण, रोजंदारी यांतले तिने काय निवडलेले असते? जमैकात १९८६-८७ साली वाढ खुंटलेल्या १२९ मुलांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात, आईला मुलाशी खेळायला-बोलायला शिकवत. वीस वर्षांनी ती मुले, ज्यांच्या घरी असे शिकवले गेले नव्हते त्यांच्यापेक्षा सुमारे पंचवीस टक्के जास्त कमावत होती. तिथे आईला दोष नव्हे, सोबत मिळाली.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून झाली आणि विकासातला विलंब प्रथमच देशव्यापी तपासणीत आला. हे मोठे पाऊल होते. मात्र उपचाराचे केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि तिथली प्रत्येक खेप म्हणजे पाड्यावरच्या आईची बुडालेली मजुरी. दर आठवड्याची ती सोबत अंगणवाडीतूनच मिळायला हवी, आणि त्यासाठी सेविकेच्या डोक्यावरचे नोंदवह्यांचे ओझे आधी उतरवावे लागेल.