दोहात हरलेला खेळाडू, दोहात जिंकलेला प्रशिक्षक : हाजिमे मोरियासूंकडून धंद्याचे चार धडे



मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, धंदा चालत नसेल तर धीर धरायचा की पद्धत बदलायची?" खरं सांगायचं तर याचं एका ओळीचं उत्तर माझ्याकडे नाही. पण एक माणूस आहे, ज्याच्या आयुष्यात या प्रश्नाचं उत्तर सापडतं. तो दुकानदार नाही, फुटबॉलवाला आहे. नाव हाजिमे मोरियासू, जपानच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक. फुटबॉल कळत नसेल तरी वाचा, गोष्ट आपल्या कामाची आहे.

१. मागच्या दाराने मिळालेली सुरुवात

मोरियासूंचा जन्म १९६८ चा, वाढले नागासाकीत. तेव्हा जपानमध्ये व्यावसायिक लीग नव्हती. मोठ्या कंपन्यांचे संघ असायचे, खेळाडू म्हणजे कंपनीचे नोकर. १९८७ मध्ये हिरोशिमाच्या माझदा कंपनीच्या संघात ते आले. पण मुख्य कंपनीच्या भरतीत त्यांना जागा मिळाली नाही. त्यांना वाहतुकीचं काम बघणाऱ्या उपकंपनीत नोकरी मिळाली. म्हणजे मैदानावर सगळ्यांसोबत, पण कागदावर एक पायरी खाली.

त्यांचा वेग डोळ्यात भरणारा नव्हता, गोलांचा पाऊस नव्हता. मधल्या फळीत उभं राहायचं, समोरच्याचा पास तोडायचा आणि चेंडू जवळच्या चांगल्या खेळाडूकडे द्यायचा, हे त्यांचं काम. हान्स ओफ्ट नावाच्या डच प्रशिक्षकांनी माझदात असताना हे हेरलं होतं. १९९२ मध्ये ओफ्ट राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी मोरियासूंना बोलावलं. तेव्हा लोकांना त्यांचं आडनाव नीट वाचताही येत नव्हतं! त्याच वर्षी जपानने पहिल्यांदा आशिया चषक जिंकला.

धडा साधा आहे. छोटा गाळा, आतल्या गल्लीतली जागा, कमी भांडवल ही फक्त सुरुवात आहे. पण एक काम तरी असं पक्कं करा, की ओळखणाऱ्याला तुमचीच आठवण यावी.

२. शेवटच्या मिनिटाला गेलेला सौदा

२८ ऑक्टोबर १९९३, दोहा. जपान विरुद्ध इराक. जिंकले तर जपान इतिहासात पहिल्यांदा विश्वचषकात जाणार. ९० मिनिटं झाली तेव्हा जपान २-१ ने पुढे. जादा वेळेत इराकला कॉर्नर मिळाला, हेडर बसला, २-२. संपलं. जपानी खेळाडू मैदानावरच कोसळले. मोरियासू त्यांच्यात होते, वय २५. जपानमध्ये आजही याला 'दोहाची शोकांतिका' म्हणतात. मोरियासूंना खेळाडू म्हणून विश्वचषक कधीच मिळाला नाही.

आपल्यापैकी किती जणांनी हे भोगलंय! ऑर्डर पक्की, माल भरलेला आणि शेवटच्या दिवशी पार्टी फिरते. त्या रात्री झोप येत नाही, मला माहीत आहे. पण मोरियासूंनी मैदान सोडलं नाही. पुढे दहा वर्षं खेळले, मग प्रशिक्षणाचे खालचे टप्पे एक एक करून चढले. हिरोशिमात, तरुण संघांबरोबर, मग नीगाता क्लबमध्ये सहायक म्हणून.

३. कमी भांडवलात तीन विजेतेपदं

२०१२ मध्ये सानफ्रेचे हिरोशिमाने त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं. हा त्यांचा जुना माझदाचाच संघ. क्लब श्रीमंत नव्हता, चांगले खेळाडू मोठ्या क्लबांकडे जात होते. तरी पहिल्याच वर्षी लीग जिंकली. मग २०१३, मग २०१५. आधीच्या प्रशिक्षकांनी बसवलेली तीन बचावपटूंची पद्धत त्यांनी मोडली नाही, बचाव तेवढा घट्ट केला. नवीन मालक आला की आधी बोर्ड बदलतो, रंग बदलतो, हे आपण बघतो. चालू असलेलं मोडू नका, गळती बंद करा.

पण २०१७ मध्ये गाडी घसरली. १८ संघांत संघ १७ वा आणि जुलैत त्यांना पायउतार व्हावं लागलं. तीन वेळा जिंकलेला माणूस! गल्ला कालचा पराक्रम विचारत नाही.

४. हाफटाइमचा हिशोब

२०१८ च्या विश्वचषकानंतर ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. २०२१ मध्ये पात्रता फेरीत ओमान आणि सौदी अरेबियाकडून हरले, पहिल्या तीन सामन्यांत दोन पराभव. त्यांना काढा, अशी ओरड सुरू झाली. पुढच्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी मधल्या फळीची रचना बदलली, दोन नवे खेळाडू घातले आणि जिंकले. तिथून सलग सहा विजय आणि विश्वचषकाचं तिकीट.

२३ नोव्हेंबर २०२२, पुन्हा कतार. समोर जर्मनी. पहिल्या हाफमध्ये जपानला चेंडू मिळत नव्हता, पेनल्टीवर गोल खाल्ला. हाफटाइमला मोरियासूंनी चारऐवजी तीन बचावपटू केले. मग एकामागून एक ताज्या दमाचे खेळाडू उतरवले. ७५ व्या मिनिटाला दोआनचा गोल, ८३ व्या मिनिटाला असानोचा. दोघेही बदली खेळाडू! जर्मनी १, जपान २. पुढे स्पेनलाही २-१ ने हरवलं, तेही चेंडू जेमतेम १८ टक्के वेळ ताब्यात असताना. त्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला १९९३ चं दोहा आठवलं, असं मोरियासूंनी नंतर सांगितलं. पण यावेळी त्यांचे खेळाडू मागे सरकले नाहीत, पुढे जाऊन चेंडू हिसकावत होते.

दोन्ही वेळा नेमकं काय बदललं, ते नीट बघा. ध्येय तेच, माणसंही जवळपास तीच, फक्त मांडणी बदलली. आणि ती घाबरून नाही. त्यांच्या हातात सामनाभर एक वही असते. दिसेल ते टिपत राहतात.

मी स्वतः उलटं केलं होतं. दुकानाच्या दुसऱ्या वर्षी समोर नवं दुकान उघडलं आणि मी चार दिवसांत सगळ्या मालाचे भाव पाडले. कोणतं गिऱ्हाईक कशासाठी तिकडे जातंय, हे वहीत लिहिलंच नव्हतं. तीन महिन्यांनी हिशोब केला तेव्हा कळलं, लोक भावासाठी जात नव्हते, ते दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असायचं म्हणून जात होते. तोटा माझ्या घाईचा होता.

आता चुकीचंही बोलू

मोरियासू काही देव नाहीत. जर्मनीला हरवल्यावर कोस्टारिकाविरुद्ध त्यांनी पाच खेळाडू बदलले आणि ०-१ ने हरले. क्रोएशियाविरुद्ध पेनल्टी शूटआउटला कोण जाणार, हे खेळाडूंवर सोडलं. तीन पेनल्टी हुकल्या, जपान बाहेर. माणसांवर विश्वास हवाच, पण काही निर्णय मालकानेच घ्यायचे असतात. सामना संपल्यावर ते प्रेक्षकांसमोर कमरेत वाकून उभे राहिले. जपानच्या फुटबॉल संघटनेने त्यांना कायम ठेवलं. मार्च २०२५ मध्ये यजमान देश सोडून २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरणारा पहिला संघ जपान होता.

मग धीर धरायचा की बदलायचं? माझं उत्तर असं : ध्येयावर धीर धरा, पद्धत वहीत बघून बदला. आज रात्री दुकान बंद केल्यावर दहा मिनिटं बसा. आज कोण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं आणि का, एवढंच लिहा. महिनाभर लिहा. काय बदलायचं, ते ती वहीच तुम्हाला सांगेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत.