डेडस्टॉकमधली आरामखुर्ची

या आरामखुर्चीचं खरेपण तिच्या पाठीमागे रंगवलेल्या अक्षरांवरून ठरवतात. सागाच्या लाकडावर स्टेन्सिलने उमटवलेली खात्याची इंग्रजी आद्याक्षरं आणि पुढे एक नंबर. सरकारी कचेरीत किंवा कॉलेजात नोकरी केलेल्या माणसाला यात नवल नाही. आपल्याकडे त्याला डेडस्टॉक नंबर म्हणतात. पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत मात्र हाच नंबर वंशावळीसारखा वाचला जातो, आणि एकेका खुर्चीला लाखांत बोली लागते.

ही चंदीगडची खुर्ची. तिच्यामागचं नाव पिएर जानरे या स्विस वास्तुरचनाकाराचं. ले कॉर्बुझिएचा चुलत भाऊ, आणि बरीच वर्षं त्याचा भागीदार. आधुनिक फर्निचरच्या इतिहासात जानरेचं नाव चंदीगडच्या आधीच लागलं होतं. १९२८ साली ले कॉर्बुझिए, शार्लोट पेरियाँ आणि जानरे या तिघांनी पोलादी नळ्यांची एक लांबलचक आरामखुर्ची काढली. पाय वर, डोकं कलतं, खाली काळा आधार. यंत्रयुगाची खुर्ची म्हणून ती जगभर गाजली. त्याच जानरेने पंचविसेक वर्षांनी पंजाबात बसून नळीला हात न लावता साग आणि वेत घेतला. मला ही दुसरी खुर्ची जास्त आधुनिक वाटते. पहिलीत यंत्राचं कौतुक आहे. दुसरीत हाताशी काय आहे याचा हिशोब आहे.

फाळणीत लाहोर गेलं आणि भारतातल्या पंजाबला राजधानीच उरली नाही. नव्या शहराचं काम १९५१ मध्ये ले कॉर्बुझिएकडे आलं. तो येऊन-जाऊन असे; जानरे मात्र तिथे राहिला, थेट १९६५ पर्यंत. सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा, पंजाब विद्यापीठ, शिवाय अधिकाऱ्यांचे बंगले आणि कारकुनांची घरं. या सगळ्यांत माणसं बसणार कशावर? टेबलं, कपाटं, बाकं, स्टूल आणि खुर्च्या हजारोंनी लागणार होत्या. पैसा बेताचा. मोठा कारखाना नव्हता. सुतार होते, रंधा होता, करवत होती.

उत्तर त्यातूनच निघालं. आरामखुर्ची बाजूने बघा. सागाचे दोन जाड पाय, कंपास उघडून उभा करावा तसे वर जुळलेले आणि खाली फाकलेले. हात टेकायला रुंद, सपाट लाकूड. दोन्ही बाजूंच्या मध्ये बैठक आणि पाठ अशा वेताने विणलेल्या दोन चौकटी, मागे कललेल्या. बैठक बुटकी. स्प्रिंग नाही, कोरीवकाम नाही. चौकोनी सांगाड्याची खुर्ची फरशीवर ओढून ओढून खिळखिळी होते, कारण चौकोन कलतो. त्रिकोण तसा कलत नाही. सरकारी खुर्ची उचलून कोण ठेवतो? ती ओढलीच जाते. तेव्हा या पायांत डौल आहे हे खरं, पण शिपायाच्या सवयीचा विचारही आहे असं मी धरून चालतो.

आता वेत. चौकटीच्या कडेने भोकं पाडतात. त्यांतून वेताची सालपटं आधी उभी, मग आडवी, मग दोन्ही बाजूंनी तिरकी ओवतात. ओवताना ती ओली ठेवावी लागतात. सुकली की आवळतात आणि जाळी ताणून बसते. चाळिशीपार जाणाऱ्या चंदीगडच्या उन्हाळ्यात या जाळीतून वारा खेळतो, पाठ घामेजत नाही. गादीचा खर्च नाही, ढेकणांना जागा कमी. साग वाळवीला सहसा दाद देत नाही. म्हणजे लाकूड पन्नास वर्षं टिकणार आणि वेत त्याच्या कितीतरी आधी फाटणार, हे ठरलेलंच होतं. फाटला की पुन्हा विणायचा, एवढीच या खुर्चीची देखभाल.

एकच नकाशा वेगवेगळ्या सुतारांकडे गेला, त्यामुळे माप थोडं पुढेमागे, पायाची जाडी थोडी कमीजास्त. श्रेयाचं गणितही तसंच. जानरेच्या हाताखाली भारतीय वास्तुरचनाकारांची तुकडी होती. त्यात ऊर्मिला यूली चौधरी होत्या, ज्या फर्निचरच्या कामात थेट सहभागी होत्या. लिलावाच्या कॅटलॉगांत ठळक नाव एकट्या जानरेचं येतं. बाजाराला एकच नाव सोयीचं पडतं. सुतारांची नावं तर कुठेच नाहीत.

पुढची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. जाळ्या फाटल्या. विणकराला बोलावण्यापेक्षा नवी गादीची किंवा लोखंडी खुर्ची मागवणं सोपं. जुन्या खुर्च्या गच्चीवर, जिन्याखाली, आवारात ढिगाने पडल्या. मग रीतसर निर्लेखन आणि रीतसर लिलाव, भंगाराच्या भावात. विसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधले व्यापारी हे ढीग घेऊ लागले. त्यांनी सांधे पक्के केले, लाकूड उजळलं, वेत नव्याने विणला आणि युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत खुर्च्या पोचवल्या. एमी सीगल या अमेरिकन कलावतीने हाच प्रवास उलटा चित्रित केला. २०१३ च्या तिच्या ‘प्रॉव्हेनन्स’ या फिल्ममध्ये आधी ती आलिशान घरं दिसतात, मग लिलाव, मग बोट, आणि शेवटी चंदीगड. त्या फिल्मची प्रतही तिने लिलावातच विकली!

आरडाओरडा झाल्यावर २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या फर्निचरच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदी घातली. पण कायद्याचा हात आखूड पडतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात अशा वस्तूंना शंभर वर्षांची अट आहे, आणि ही खुर्ची अजून सत्तरीतच. शिवाय जो माल सरकारनेच पावती देऊन विकला, तो चोरीचा कसा म्हणणार? परदेशात लिलाव जाहीर झाला की आपल्याकडून निषेधाचं पत्र जातं आणि लिलाव बहुतेक वेळा पार पडतो. २०१९ पासून कॅसिना ही इटालियन कंपनी या घराण्यातल्या खुर्च्या नव्याने बनवून विकते.

व्यापाऱ्यांना लुटारू म्हणणं मला पटत नाही. त्यांनी नफा कमावला, आणि खुर्चीचा कचेरीशी असलेला संबंधही तोडला. ती आता कुणी बसण्यासाठी घेत नाही. पण फाटलेली जाळी त्यांनी विणून घेतली, ज्यांच्या मालकीची होती त्यांनी नाही. दोष विकण्यापेक्षा त्या आधीच्या हयगयीचा मोठा आहे.

जानरे १९६७ मध्ये जिनिव्हात वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थी चंदीगडच्या सुखना तलावात सोडल्या. सेक्टर ५ मधलं ५७ नंबरचं त्याचं घर आता संग्रहालय आहे. चंदीगडला रॉक गार्डन सगळेच दाखवतात. हे घरही बघा. आणि तुमच्या संस्थेत निर्लेखनाची यादी तुमच्या सहीला आली, तर सही करण्याआधी एकदा सुताराला आणि वेत विणणाऱ्याला त्यातल्या खुर्च्या दाखवा.